जवळच्या अक्षरासाठी दूरचा डोळा

आई, परवा मुलगा मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि तेव्हापासून डोक्यातला राग काही उतरत नाही. त्यातला थोडा तुझ्यावरचाही आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आहे.

दाना ओली या गल्लीतलं, हिंदी मुलखातलं आपलं मराठी घर. तू पारायणाला बसली आहेस, मी दहा वर्षांची, समई पुसतेय. पोथीत बघूनच वाचायचं, पाठ असलं तरी पाठ म्हणायचं नाही, हा घरचा नेम. चाळिशी लागल्यापासून तुला अक्षर लागत नव्हतं, म्हणून तू ओळींवरून नुसतं बोट फिरवायचीस आणि तोंडाने पाठ म्हणायचीस. त्या दिवशी पोथीची दोन सुटी पानं एकदम उलटली गेली आणि तू आपली गाळलेल्या पानावरचंच म्हणत राहिलीस. शेजारी आजोबा, नाकावर चष्मा. "सूनबाई, हे वाचन नव्हे, ढोंग आहे. देवाला फसवता?" सगळ्यांसमोर. त्यांच्याकडे दोन चष्मे होते, एक घरातला, एक बाहेरचा. तुला एक आणावा हे एकालाही सुचलं नाही. आणि तू? "मला दिसत नाही" एवढंसुद्धा बोलली नाहीस. पोथी फडक्यात बांधलीस, "बरं वाटत नाही" म्हणालीस आणि उठलीस. पुन्हा त्या पाटावर कधी बसली नाहीस.

आता माझं ऐक. मुलाने मला न विचारता लेझरचं ठरवून टाकलं. "आई, तू दिनभर चष्मा ढूँढती रहतेस. दस मिनट का काम आहे. माझ्याकडून गिफ्ट समज, आणि प्लीज, नको म्हणू नकोस." एवढ्या लाडाने बोलला की मी निघाले.

तिथे एक चटपटीत मुलगी होती. "आंटी जी, चश्मे से हमेशा की छुट्टी!" आणि पुढ्यात कागद सरकवला, सही करा म्हणून. मी मॅट्रिक झालेली बाई, वाचल्याशिवाय सही करत नाही. पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "अरे आंटी, वो तो फॉर्मैलिटी है!" मी म्हटलं, "बेटा, पास का दिखता नहीं इसीलिए तो आई हूँ, और पढ़ने को तुमने चींटी जैसे अक्षर दिए!" बाजूच्या बायका हसल्या. मी मात्र शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलेलं, वय वाढेल तसा चष्मा पुन्हा लागू शकतो. मग कसली ती हमेशा की छुट्टी?

डॉक्टर सरळ निघाले. मुलगा बाहेर फोनवर होता. त्यांनी समजावलं की माझा उजवा डोळा दूरसाठी तसाच ठेवायचा, डावा जवळचा करायचा, आणि मेंदूला हळूहळू सवय होते. पुष्कळांना जमतं, म्हणाले. तशी भिंगं घालून खिडकीशी उभं केलं. हातातला कागद लख्ख दिसला, खोटं कशाला बोलू. पण समोरच्या देवळाचा कळस, जो मला चष्म्याशिवाय कोरल्यासारखा दिसतो, त्याच्यावर कोणी तेलाचं बोट फिरवावं तसा झाला. उजवा डोळा झाकला तर कळसच नाही. म्हणजे धडधाकट डोळ्यातलं दूरचं काढून जवळचं द्यायचं! हे त्या मुलीने सांगायचं की नाही? दर्शनाच्या गर्दीत मी मागेच उभी राहते, धक्काबुक्की करत नाही, कारण मागूनही मला देवाचे डोळे दिसतात. ते मी कशाला देऊ? डॉक्टर म्हणाले, "आपकी मर्ज़ी, माताजी. आँख आपकी है." असं मला आजवर घरातही कोणी म्हटलं नव्हतं. मी भिंगं काढून ठेवली.

मग बाहेर आले. मुलगा आशेने उभा राहिला, "काय म्हणाले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर नाही म्हणतात. माझ्या डोळ्यांना चालणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत तो माझ्या डोळ्यांची काळजी करत होता, आणि मी करू दिली. अजून खरं सांगितलेलं नाही.