मिशिगनच्या हरणाला पलूसचं शिसं

मु. पो. पलूस, जि. सांगली
ऑक्टोबर, ऊसतोडीच्या आधी

आदरणीय धैर्यशील भावजी यांस,

शमशादभाभीचा सलाम आणि नमस्कार. तिकडे मिशिगनात थंडी पडायला लागली असेल. गुडघ्याला तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? शिवांजलीताईंचं पित्त आता कसं आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहिते. दारातल्या झाडाला यंदा लिंबं लय आली आहेत. लोणचं घालावं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर मला चार शब्दांच्या पुढे लिहिता येत नाही. तुमचा पुतण्या जयराज पुढच्या आठवड्यात तिकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. कारण असं की, तुमचं एक उत्तर आमच्या घरी राहून गेलं आहे. "बादशहा, औंदा हरणाला गोळी मऊ घिऊ का कडक?" हा तुमचा प्रश्न ह्यांच्या फोनवर आला तेव्हा माणसं माती देऊन परतत होती. (हे नाव माझ्या तोंडात अजून येत नाही. लिहायला हरकत नसावी.) विचारलेल्याला उत्तर न देता ह्यांनी कधी कुणाला घालवलं नव्हतं, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं.

खरं तर मला काही करायचंच नव्हतं. ह्यांचे तुम्हाला पाठवलेले सगळे बोलके मेसेज ह्यांच्या फोनमध्ये होते. त्यात कुठेतरी उत्तर सापडलंच असतं. पण आमच्या वाजिदनं काळजीपोटी तो फोन पुण्याला नेला, साफसूफ केला आणि नव्यासारखा कोरा करून परत आणला. "अम्मी, फोटो सगळे ठेवलेत बरं का," म्हणाला. फोटो आहेतच. फोटोत हे फेटा बांधून, छाती काढून, तोंड घट्ट मिटून उभे आहेत. जन्मभर बोलणारा माणूस सगळ्या फोटोंत गप्प! वाजिदला मी चहा केला आणि दिला.

तुम्हाला कल्पना नसेल, पण दर रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापत असायची. पलीकडे हे पलटणीच्या नेमबाजी संघाचे आर्मरर, म्हणजे हत्यारं राखणारे-दुरुस्त करणारे, होऊन जायचे. (पेन्शनीत आल्यावर ते विळ्या-खुरप्यांना धार लावायचे, हे रविवारी कुणी काढायचं नाही.) तुमचं ते फोर्टी-फोरचं दांडगं रिव्हॉल्व्हर, तुम्ही गॅरेजमध्ये ओतलेल्या गोळ्या, तुम्ही हातानं भरलेली काडतुसं, हे सगळं मी पीठ मळता मळता शिकले. दोन तास चालायचं. भाकरी करपायची, पण तो विषय कधी संपला नाही.

त्यात विट्याचं गलाईचं घराणं तुमचं. तुमच्या वडिलांनी जन्मभर मुशीत सोनं वितळवून त्यातलं हीण वेगळं काढलं, ते तुमच्या हातात उतरलं आहे. तुम्ही शिसं घेतलं आणि वितळवलं. मळी काढली, पुन्हा वितळवलं, पुन्हा मळी काढली, असं करत करत ते लोण्यासारखं मऊ आणि शंभर नंबरी शुद्ध केलं. मग त्याच्या गोळ्या ओतल्या, काडतुसांत दाबून दारू भरली आणि मोठ्या अभिमानानं झाडल्या. रिव्हॉल्व्हरच्या नळीत सगळीकडे शिसं लिंपून बसलं आणि गोळी भलतीकडेच गेली. तुम्ही नळीचा फोटो पाठवलात त्या रविवारी हे इतके हसले की मी भाकरी टाकून बाहेर आले. "आरं गलाईवाल्या, सोनं हाय व्हय त्ये? येवढं शुद्ध करून कुनाच्या गळ्यात घालनार हाईस? जरा कथील ऱ्हाऊ दे की त्यात!"

एवढं मला आठवत होतं. पण कथील किती आणि गोळी मऊ की कडक, ते काही आठवेना. भाकरी उलटताना तेवढं ऐकायचं राहिलं असावं. म्हणून मी शेजारच्या लालासाहेबांना विचारलं. ते माजी सैनिक. (सगळी नोकरी लंगरात गेली, पण भाजीला फोडणी घालतानाही गोळीबार ऐकलाय, असं त्यांचं म्हणणं.) त्यांनी खुर्ची ओढली. "आवं बाई, लय सोपं हाय," अशी सुरुवात करून त्यांनी सियाचीन, राशनची रम, कर्नलसाहेबांची मेव्हणी आणि आताच्या पोरांना लागलेलं वळण एवढं सगळं सांगितलं. शेवटी मी शिशाचं विचारलं तर म्हणाले, "त्ये बादशहाला म्हाईत असायचं." 

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण लालासाहेबांनी तो विषय चहाच्या गाड्यावर नेला. आमच्याकडे सागरेश्वर अभयारण्यातली हरणं रानात उतरतात आणि उभं पीक खातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा दुपार व्हायच्या आत शिकलगारांच्या बाई, म्हणजे मी, हरीण मारायला निघाल्या, अशी बातमी गावभर झाली. दुपारी वनखात्याचा माणूस दारात. बघते तर विश्वजित! चौथीत माझ्या हाताखाली होता. गृहपाठ केला नाही की जसा उभा राहायचा तसाच टोपी हातात घेऊन उभा.

"बाई, इचारू नये, पर घरात हत्यार काय हाय का?"

मी विळी दाखवली, दोन खुरपी दाखवली आणि ह्यांचा धारेचा दगड दाखवला. त्यानं दगडावर नुसता हात ठेवला. मग मी त्याला बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. हरीण मिशिगनचं आहे, तिकडे नोव्हेंबरात सरकारच शिकारीचा परवाना देतं, आणि मारणारा विट्याचा गलाईवाला आहे.

"मग हरनाला काय भ्या न्हाई, बाई," विश्वजित म्हणाला. "त्यो आदी शिंगात सोनं किती हाय त्येच बघंल."

भावजी, राग मानू नका. मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन. हसू आल्यावर मान आपोआप भिंतीकडे वळली, पलीकडून कुणी हसतंय का ते ऐकायला.

विश्वजितनं चहा घेता घेता विचारलं, एवढं हरीणच मारायचं तर लांबून रायफलनं का मारत नाहीत, रिव्हॉल्व्हर कशाला? आणि मी काही ठरवायच्या आत माझ्याच तोंडून उत्तर आलं. रिव्हॉल्व्हर घेतलं की जवळ जावं लागतं. जवळ जाणारा माणूस नीट बघतो, आणि नीट बघणारा घाई करत नाही. ही ह्यांची वाक्यं. माझ्यात होती, मला ठाऊक नव्हती. मग एकामागून एक येत गेली. शिसं अगदी मऊ नको, नळीला चिकटतं. अगदी काचेसारखं कडकही नको, नुसतं भोक पाडून जातं. मधलं घ्यावं. टोक रुंद आणि चपटं असावं. दारू पुस्तकात दिली असेल त्यापेक्षा कणभरही जास्त नको. झाडण्याआधीच दारूच्या ज्या भाराच्या भीतीनं डोळे मिटतात, तो भार आपला नव्हे. (तुम्ही डोळे मिटता, हे ह्यांना आवाजावरून कळायचं.) आणि जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे, जखम घेऊन झुडपात जाऊन तळमळता कामा नये. तसा नेम लागत नसेल तर हत्यार खाली ठेवावं आणि घरी जाऊन जेवावं.

ह्यांचं स्वतःचं तसंच झालं. खुरप्याला धार लावता लावता जागच्या जागी. तळमळ काही नाही. जाणाऱ्याला हे बरंच आहे, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते.

तर तुमचं उत्तर हे असं. मधलं शिसं, चपटं टोक, बेताचा भार. तुम्ही इतक्या नोव्हेंबरांत एकही हरीण मारलेलं नाही, हे मला माहीत आहे. ह्यांनाही माहीत होतं. "त्यो मारत न्हाई गं, त्येला निस्तं बोलायचं आसतंय," असं फोन ठेवल्यावर म्हणायचे आणि पुढच्या रविवारी फोनपाशी तुमच्याआधी येऊन बसायचे.

शिवांजलीताईंना आठवण सांगा. पाऊल जपून टाका, बर्फ असतो.

तुमची भाभी,
शमशाद शिकलगार

ता. क. : वरचं उत्तर एका प्राथमिक शिक्षिकेनं भिंतीआडून ऐकलेलं आहे. त्याच्या भरवशावर काडतूस भरू नका. तिथल्या जाणत्या माणसाला विचारा.

ता. क. दुसरं : उत्तर हे निमित्त होतं. ह्यांचे बोलके मेसेज इथून पुसले गेले, पण ते तुम्हाला पाठवलेले, तेव्हा तुमच्या फोनमध्ये असतील. ते मला पाठवाल का? सगळे एकदम नकोत. दर रविवारी सकाळी एक पाठवा.

ता. क. तिसरं : भाभी ऐकणार म्हणून तुम्ही शिव्या असलेले मेसेज मागे ठेवाल. तसं करू नका, तेच आधी पाठवा. माझ्याशी हे फार जपून बोलायचे, शाळेतल्या बाई म्हणून. मोकळे व्हायचे ते तुमच्याशी. तो मोकळा आवाज मी भिंतीपलीकडून पुष्कळ ऐकला, समोर बसून ऐकायचा राहिला.