मल्लव्वा आजींचं ‘मिस यू’

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. अप्पांना शांभवीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

मी शिकवते त्या इंग्रजीच्या क्लासला मल्लव्वा आजी येतात. आज म्हणाल्या, “मिस म्हंजे तुम्ही. बस चुकली तरी मिसच. मग परदेशातला नातू फोनवर ‘मिस यू’ का म्हणतोय?”

“त्याला तुमची आठवण येते, आजी.”

त्यांचे डोळे भरले. “आन् मी नुसतं हसून फोन ठिवला की!”

लगेच त्यांनी नातवाला फोन लावला आणि वर्गासमोर मोठ्यानं म्हणाल्या, “मिस यू!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसत राहिले.

अप्पा, आपल्या घरात असं बोलायची रीत नाही. खोलीवर एकटीला जेवण जात नाही. रविवारी येते.

तुमचीच,
शांभवी