सुमतीचे सहाशे शब्द

४ ऑगस्ट
नववीच्या वह्या तपासल्या. शब्दार्थात सुमतीला पंचवीसपैकी पंचवीस. आपल्या दूधविनायक गल्लीतल्याच वैदिकांची मुलगी. हिंदी शाळेत मी बहनजी, आपल्या मराठी गल्लीत ताई. माझी सहाशे इंग्रजी शब्दांची यादी बाकीच्या पोरींना जाच वाटते, ही घडाघडा म्हणते. खूश झाले.

११ ऑगस्ट
न वाचलेला उतारा दिला. सुमतीला भोपळा! शब्द तर सगळे यादीतलेच. एकाचा अर्थ विचारला, तर पोरगी यादीच्या पहिल्या शब्दापासून पुटपुटायला लागली. पोचेपर्यंत घंटा झाली. आधी हसू आलं, मग काळजी.

१३ ऑगस्ट
सकाळी तिच्या घरी. ओसरीवर तिचे वडील, दादा, तिच्या दोघा भावांना वेदाची संथा देत होते. भाऊ उठले तशी सुमती समोर येऊन बसली. शब्द नि अर्थ, शब्द नि अर्थ, त्याच चालीत. दादांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण क्रम चुकला की बोट वर. एकदा चुकली, तर बरोब्बर पकडलं!
घरात मुलींना संथा देत नाहीत. तिला मिळते ती एवढीच.
दादा म्हणाले, "एकदम पक्कं याद आहे की नाही, बाई?" हो म्हटलं. भोपळ्याचं सांगितलं नाही.

२ सप्टें.
बड्या बहनजींचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, हुकूम. सहामाहीत उतारा जमला नाही, तर सुमतीचं इंग्रजी बंद, गृहविज्ञान घ्यायचं. पोरगी रडली. "ताई, मला इंग्लिशच पढायचं आहे."
यादी कात्रीने कापली. चिठ्ठ्या डब्यात. हाताला येईल त्या शब्दाचं वाक्य करायचं.

१९ सप्टें.
अडखळते, पण करते. क्रम सुटला. घरीही आता चिठ्ठ्याच. दादांना सांगून आले.
ते म्हणाले, "म्हणजे आता आम्ही काय ऐकायचं?"
फार वाईट वाटलं.

६ ऑक्टो.
सहामाहीचे पेपर. सुमतीचा उतारा छान जमलाय. इंग्रजी टिकलं! बड्या बहनजींना लगेच सांगितलं.
निबंध 'माझी सकाळ'. इंग्रजीत पाच ओळी, तिच्या स्वतःच्या. पहाटे उठते. पाणी भरते. भाऊ वडिलांसमोर बसतात. मी आत बसते. वडील आता माझे शब्द ऐकत नाहीत.
लाल पेन घेऊन दोनदा वाचलं. चूक एकही नव्हती.