संक्रांतवेलीचा मांडव

म्हसा, ता. मुरबाड
४ जून २०२३

ती. प्रेमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तू कानाचं यंत्र पुन्हा फडताळात ठेवून दिलंस, असं तुझ्या शेजारच्या वाळूकडून कळलं. तुला फोनवर बोलावलं की तू चिडतेस आणि सांगतेस, मला लिहिलेलंच ऐकू येतं. तेव्हा तुझ्यापायी मी या जमान्यात पोस्टाच्या पेटीपर्यंत पायपीट करतो, हे ध्यानात असू दे.

बातमी अशी, की ज्या मुंबईच्या साहेबांचं फार्महाऊस मी सांभाळतो तिथे मी मांडव घातला. साधासुधा नाही, बाबांच्या मापाचा. बारा खांब, मधे त्यांच्यावर आडवं टाकलेलं जाड आडं आणि त्याला झोपाळा. साहेबांना वास्तुशांतीच्या आत हवा होता, म्हणून आठ दिवसांत उभा केला आणि वरून पॉलिश मारलं. आता साहेब येईल त्या पाहुण्याला सांगतात की हा आमच्या अनंताच्या हातचा. भगीरथ मांडववाल्याचा मुलगा नुसता राखणदार नाही हे चार लोकांना कळलं. मला फार बरं वाटलं, आत्या.

आता त्यावर वेल सोडायची आहे. बाईसाहेबांना लवकर झाकणारी, दाट आणि भरपूर फुलणारी पाहिजे. त्यांनी फोनवर फोटो दाखवला, सगळा मांडव नारिंगी झालेला. तुझ्या नर्सरीतून काय देशील ते कळव. दिपिका कॉलेजात जायला लागली. जयाचा नमस्कार.

लोभ आहेच, वेलीच्या आधी तो वाढव.

तुझा,
अनंता


आटगाव, ता. शहापूर
११ जून २०२३

चि. अनंतास,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. बांबूला पॉलिश मारलंस म्हणे. बांबू काय नवरदेव आहे? पण साहेबांनी तुझं नाव घेतलं हे वाचून डोळे भरले. दादा असता तर त्याने आधी मांडव हलवून बघितला असता आणि मग गप्प बसून हसला असता.

आता वेलीचं ऐक. वेल फोटो बघून निवडायची नसते, मांडवाची ताकद बघून निवडायची असते. कुंजलता आणि गोकर्ण हलक्या, सुतळीवरसुद्धा चढतात. कृष्णकमळ मधलं, पण त्यावर सुरवंट फार. मधुमालती वासाची राणी, मात्र तीन वर्षांत तिचं खोड मनगटाएवढं होतं. बाईंच्या फोटोतली ती संक्रांतवेल. पुसात कळ्या धरते आणि संक्रांतीला पेटल्यासारखी फुलते. पण तिच्यासारखी वजनदार दुसरी नाही. पावसात भिजली की तिचं ओझं दुप्पट होतं, आणि ती आतला बांबू असा झाकून टाकते की तो जिवंत आहे की मेला हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून आधी मला एवढं सांग, बांबू कोणत्या पंधरवड्यात तोडलेस? दादा दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्याशिवाय बेटाला कोयता लावत नसे. तोडायचा तोही तीन वर्षांचा निबर बांबू, आणि मग महिनाभर डोहात बुडवून ठेवायचा. चांदण्यात तोडलेल्या कोवळ्या बांबूत गोडी राहते आणि कीड ती गोडी शोधत येते. तू दादासारखं केलं असशील तर संक्रांतवेल देते. नसेल तर कुंजलता लाव आणि बाईसाहेबांना माझं नाव सांग.

जयाला आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
प्रेमाआत्या


म्हसा
२२ जून २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. नवरदेवाच्या जागी ते पोट धरून हसले.

बांबूची काळजी करू नकोस. आपल्या किन्हवलीच्या बेटातलेच आहेत, बाबांनी लावलेले. बाबांच्याच कोयत्याने तोडले आणि गाठी बाबांनी शिकवल्या तशाच मारल्या. तेव्हा संक्रांतवेलच पाठव, चार मोठी झाडं. मी खड्डे घेऊन शेणखत भरून ठेवलंय. शनिवारी भाजीचा टेम्पो तुझ्या स्टेशनावरून इकडे येतो, त्यात दिलीस तरी चालेल.

तुझ्या गुडघ्याला तेल लाव आणि एकदा येऊन जा.

तुझ्या मायेचा मानकरी,
अनंता


आटगाव
१० मार्च २०२४

चि. अनंतास,
अनेक उ. आ.

वेल आडं ओलांडून गेली हे वाळूने तू पाठवलेल्या फोटोत दाखवलं. छान चढली आहे. माझे गुडघे एसटीच्या पायऱ्या बघून मागे फिरतात, नाहीतर केव्हाच आले असते.

आता फुलं संपली, तेव्हा छाटणी कर. तिसरा हिस्सा उतरव, हात आखडू नकोस. आणि महिन्यातून एकदा पानांच्या आत हात घालून खांबांवरून फिरव. दादा मांडवाची तब्येत हातानेच बघायचा.

एक गोष्ट मला टोचते ती लिहूनच टाकते. मागे कोयता दादाचा, बेट दादाचं, गाठी दादाच्या असं तू लिहिलंस, आणि मी वेडी तेवढ्यावर भुलले. झाडं टेम्पोत चढवून घरी आले आणि मग पुन्हा पत्र वाचलं. पंधरवडा तू सांगितलाच नाहीस. डोहाचंही नाव नाही. आठ दिवसांत मांडव उभा केलास तर बांबू पाण्यात महिनाभर केव्हा राहिले? मी म्हातारी झाले म्हणून मला संशय येतो की खरंच काही आहे, ते तू सांग. रागावणार नाही. रागावले तरी तुला ऐकू येणार नाही, एवढ्या लांब आहेस.

लोभात खंड नाही. उत्तर लिही.

तुझी,
प्रेमाआत्या


म्हसा
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फार दिवसांनी लिहितो, रागावू नकोस. बातमीच अशी आहे की राग टिकणार नाही. आपल्या दिपिकाचं लग्न ठरलं! मुलगा सरळगावचा, कारखान्यात कामाला, मोजकं बोलतो. लग्न सात फेब्रुवारीला आणि सहाला सकाळी हळद. साहेबांनी आपण होऊन सांगितलं की हळद आपल्या मांडवातच करा. दिपिका त्याच दिवसापासून पाट कुठे मांडायचा ते मोजते आहे. धवळे गायला तू पाहिजेसच. तुला ऐकू आलं नाही तरी आम्हाला येतं.

वेल बघशील तर थक्क होशील. म्हशाच्या जत्रेला आलेले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेले. चारी बाजूंनी नारिंगी फुलं जमिनीपर्यंत लोंबतात, आत ऊन शिरत नाही. साहेब छाटू देत नाहीत. दोन वर्षांत एक फांदी मोडू दिली नाही.

खाली मात्र रोज झाडावं लागतं. सकाळी फरशीवर फिकट पिवळं पीठ पडलेलं असतं, अगदी मैद्यासारखं. एवढ्या फुलांचा पराग असणार. जया म्हणते, नवरीच्या आधी वेलीनेच हळद खेळायला घेतली. एक सुतारपक्षीही रोज येतो, आड्यावर बसून टकटक करतो. पाहुणे त्याचे फोटो काढतात. झोपाळा करकरत होता, त्याला तेल घातलं, तरी करकरतो.

तू चार तारखेलाच ये. लोभ करतेसच, या वेळी धवळ्यांसकट कर.

तुझा,
अनंता


आटगाव
२४ जानेवारी २०२५

चि. अनंतास,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन. आधी हे वाच.

चाळीस वर्षं मी वेली वाढवते. संक्रांतवेलीचा पराग पिठासारखा जमिनीवर पडलेला मी एकदाही बघितला नाही. ते पीठ बांबूचं आहे, अनंता. घुण लागली आहे. ती बांबू आतून खाते आणि भुगा बाहेर टाकते. सुतारपक्षी फोटो काढून घ्यायला येत नाही, आतल्या अळ्या खायला येतो. आणि करकर झोपाळ्याची नाही, आड्याची आहे. तुझ्या मांडवाला आता बांबूने धरलेलं नाही. वेलीने वेलीला धरलं आहे, आणि ती किती दिवस धरील हे कोणी सांगू शकत नाही.

पत्र मिळेल तेव्हापासून खाली कोणालाही जाऊ देऊ नकोस. भोवती दोरी बांध. तू स्वतः वर चढू नकोस. एका बाजूने वेल कापत सुटू नकोस, वजन दुसरीकडे गेलं की कोसळेल. मुळाशी चारी वेली तोड, लांबून दोर टाक आणि आठ माणसं लावून बाहेरच्या बाहेर ओढून पाड. फुलं गेली तर जाऊ देत. साहेबांना वाईट वाटलं तर वाटू दे. मी दिलेली वेल आहे, मीच सांगते की मारून टाक.

दिपिकाची हळद अंगणात उन्हात होऊ दे. माझी पोर त्या मांडवाखाली बसता कामा नये.

मला भीती वाटते रे. तुझ्यावर रागावायचंसुद्धा सुचत नाही. बांबू कोणत्या पंधरवड्यात तोडलेस हे मी तिसऱ्यांदा विचारते आहे. या वेळी उत्तर लिही. खरं लिही.

तुझी,
प्रेमाआत्या


आटगाव
१ फेब्रुवारी २०२५

चि. अनंतास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणून काल वाळूला फोन करायला लावला. तू त्याला म्हणालास की आत्याला सांग, मांडव गुरुवारीच उतरवला, काय टेन्शन नाय. वाळूने मला ते पाटीवर लिहून दाखवलं. दोनदा वाचलं. मग जेवले. चार दिवस घास उतरत नव्हता.

मागचं पत्र फार कडक झालं, ते मनावर घेऊ नकोस. एवढी फुललेली वेल स्वतःच्या हाताने तोडायला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. हळद झाली की कुंजलतेचं बी घेऊन येते, आपण दोघं मिळून नवा मांडव घालू. बांबू मी निवडणार.

चारला यायला जमत नाही, रोपांची एक गाडी जायची आहे. सहाला पहिल्या गाडीने किन्हवलीवरून येते. दिपिकासाठी हिरवं लुगडं घेतलं आहे, तिला आत्ताच सांगू नकोस.

वाळूच्या अक्षरातलं मी मानलं. तुझ्या अक्षरात आलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

माया आहे तशीच,
प्रेमाआत्या


म्हसा
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आता तुझ्या नावामागे कै. लिहायचं असतं. माझ्याने लिहवत नाही. काल दहावा झाला. हे पत्र वाळूकडे देणार आहे, तो ते तुझ्या फडताळात यंत्राशेजारी ठेवील.

तुझं चोवीस तारखेचं पत्र मला तीस तारखेला मिळालं. मी ते वाचलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. जयाला दाखवलं नाही. संध्याकाळी खांबांवरून हात फिरवला. पाच खांबांत बोट आत गेलं. पीठ कशाचं हे मला त्याआधीही अर्धं माहीत होतं, आत्या. बाबांचा मुलगा आहे मी. पण सगळ्या गावाला आमंत्रण गेलं होतं, साहेब फोटो काढायला माणूस आणणार होते, आणि मांडव पाडला तर तो का पाडला हे सांगावं लागलं असतं. मला वाटलं, दोन वर्षं उभा राहिला, अजून एक सकाळ राहील. म्हणून वाळूला तसं सांगितलं.

त्या दिवशी तू फाटकातून आत आलीस तेव्हा दिपिका पाटावर बसली होती आणि बायका तिला हळद लावत होत्या. तू मांडव बघितलास. माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग पिशवी टाकून धावत आत गेलीस. तुझे गुडघे दुखतात हे त्या वेळी कोणाला खरं वाटलं नसतं. दिपिकाला दंडाला धरून उठवलंस, बायकांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलंस. त्या हसत होत्या, म्हातारी पिसाटली म्हणत होत्या. सगळ्या बाहेर आल्या. तू मागे राहिलीस, मधल्या खांबापाशी, पानांत हात घालून बाबांसारखी बघत.

तेव्हा आडं वाजलं. पहिला आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकला. दुसरा होईपर्यंत दहा आकडे मोजून झाले असते, एवढा वेळ होता. आम्ही सगळे ओरडलो. दिपिका सगळ्यांत मोठ्याने ओरडली. तुझी पाठ आमच्याकडे होती.

लग्न पुढे ढकललं आहे. दिपिका माझ्याशी बोलत नाही. हिरवं लुगडं तिने उशाशी ठेवलं आहे. वेल अजून जिवंत आहे. पडलेल्या ढिगाऱ्यावर तशीच फुलली आहे आणि नवे फुटवे काढते आहे. साहेब म्हणतात, मुळं चांगली आहेत, लोखंडी पाइप टाकून पुन्हा चढवू. मी कोयता घेऊन तीनदा गेलो आणि परत आलो. उद्या चौथ्यांदा जाईन.

तुला लिहिलेलंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. बांबू वैशाखातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तोडले. पहिल्या वर्षाचे होते, कोवळे. पाण्यात एक दिवसही ठेवले नाहीत.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही.

तुझा,
अनंता