शेवटचा नारू

तीर्थरूप वहिनींस, तुमच्या डॉक्टर नणंदेचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सगळी अंगं जमिनीला टेकत नाहीत, राहिलेली मनाने टेकली असं समजावं). तुमची कंबर कशी आहे? दादाचा खोकला थांबला असेल तर उत्तमच, नसेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. मला विचारू नका. मी उभा जन्म एकाच रोगामागे घालवला, आणि नेमका तो दादाला झालेला नाही.

तर तो रोग, म्हणजे नारू, आमच्या भागातून गेला. तळ्याचं पाणी न गाळता प्यायलं की तो पोटात शिरतो आणि वर्षभराने पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येतो, हे मी तुमच्याकडे जेवताना इतक्यांदा सांगितलंय, की तुम्ही पाहुण्यांना दारातच बजावता, हिला कामाचं काही विचारू नका. आता बरीच वर्षं एकही रोगी नाही. पुढल्या महिन्यात मोठ्या ऑफिसातले लोक येऊन तसं जाहीर करणार, आणि मग आमचं ऑफिस बंद. सगळे अभिनंदन करतात. मीही करते, आरशात बघून.

अशात मागच्या आठवड्यात निरोप आला, की तळ्यापलीकडच्या वस्तीतल्या म्हातारीच्या पायातून नारू निघालाय. आमच्या ड्रायव्हरने (त्याला सगळे वादळ म्हणतात, गाडीच्या वेगामुळे नव्हे, तोंडाच्या) मला न विचारता थेट मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब फोनवर रडले म्हणे. पुढे गाडी चिखलात रुतली, म्हणून आम्ही चालत गेलो. आधी तळं बघून घ्यावं म्हणून मी काठावरून वाकले, ती सरळ पाण्यात. आता, या तळ्यात कुणी पाय घालू नये (नारूच्या जखमेतून त्याची पिल्लं पाण्यात पडतात) म्हणून मी वर्षानुवर्षं तिथल्या बायकांचं डोकं खाल्लंय. काठावरच्या सगळ्याजणी एका सुरात ओरडल्या, "पाण्यात उतरू नका! बाहेरून भांड्याने घ्या!" अगदी माझ्याच चालीत, शेवटचा हेल काढून. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, लाजेने चूर, आणि खरं सांगू का वहिनी, अभिमानाने ऊर भरून आला होता. (चप्पल मात्र एकच वर आली.)

म्हातारी ओट्यावर पाय पसरून बसली होती. ही माझी जुनी रोगी, एकटीच राहते. मी निथळतच बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. काट्याची बारीकशी जखम, तिच्यातून पांढरा दोरा लोंबत होता. चष्मा पुसून नीट पाहिलं, तर दोऱ्याच्या टोकाला गाठ. सबंध नोकरीत मी गाठ मारलेला नारू पाहिला नव्हता.

"आजी, हा शिवायचा दोरा आहे."

"डिंकाने चिकटवलाय," ती म्हणाली. "रागावलीस का गं?"

रागावले होतेच. "असं का केलंस?" म्हणून चढ्या आवाजात विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "नारू होता तेव्हा तू रोज यायचीस. काडीवर तो जरा जरा गुंडाळत बसायचीस, आणि मी ओरडू नये म्हणून तुझ्या वहिनीच्या गोष्टी सांगायचीस. आता पाणी चांगलं, पाय चांगले, आणि दाराशी कुणी फिरकत नाही. त्यातून ती वहिनी नवऱ्यावर रुसून माहेरी निघाली होती, तेवढ्यात मेला नारू सगळा निघाला. पुढे काय झालं तिचं?"

वहिनी, आमच्या खात्याने रोग गेल्याचा आनंद करायचं ठरवलं, पण रोगाबरोबर माणसांकडे जाणंही बंद होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मग कपडे वाळेपर्यंत मी तिथेच बसले आणि गोष्ट पुरी केली: तुम्ही तावातावाने चुकीच्या बसमध्ये चढलात, ती गावभर फिरली आणि संध्याकाळी तुम्हाला आपल्याच गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली. म्हातारी इतकी हसली की नारू आपोआप गळून पडला. साहेबांना फोन करून कळवलं, रोग नाही. ते पुन्हा रडले.

बाकी सर्व ठीक. दादाला नमस्कार, तुमच्या पायांवर डोकं.

तुमची,
नणंद

ता. क. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरवलंय, म्हणून येत्या रविवारी तिला घेऊन तुमच्याकडे येते. तिला तुम्हाला बघायचंय. बसची गोष्ट कृपा करून नाकारू नका.

आणखी एक. मोठ्या ऑफिसाने मला दुसऱ्या एका रोगासाठी बोलावलंय. मी अजून होकार दिलेला नाही. वरची खोली रिकामी आहे ना? म्हातारी बरी होऊन घरी गेली, तरी मी जाणार नाही म्हणते. दादाला विचारू नका, तो हो म्हणेलच. मला तुमचं हो हवंय.