कमलमावशींच्या विहिरीत सिमेंट

प्रिय बाबा,

मालेगावच्या शेषरावांच्या कापडदुकानाचं तळघर काल कोरडं झालं! आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? त्यायले सांग." म्हणून हे पत्र.

तुमचा ग्राउटिंगचा पंप आता मीच चालवते. भिंतीला भोकं पाडायची, सिमेंटचा पातळ रबडा दाबानं आत ढकलायचा, दगडातल्या भेगा बुजवायच्या. धरणांच्या पोटात तुम्ही जन्मभर हेच केलंत. पण शेषरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस्त्री कुठी हाय?" मी म्हटलं, "मीच." तरी ते माझ्या मागे बघतच राहिले!

तळघरात पाणी शेजारच्या कमलमावशींच्या विहिरीतून येतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. त्यावरून तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद. मीही मान डोलावली. आधी पाण्याचा माग काढ, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल? पण मला घाई!

विहिरीकडच्या भिंतीत रबडा भरायला घेतला. भिंत पोत्यामागून पोती गिळत होती. मी खूश, मोठी भेग सापडली! तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "अवं, माह्या विहिरीत शिमिट येऊन राह्यलं!"

मावशींना वाटलं, शेषरावांनी मुद्दाम केलं. शेषराव म्हणाले, "पाह्यलं? पाण्याले तिकडून रस्ता हाय म्हणजे हाय!" दोघं भांडत होते आणि तुमची लेक पंपाआड लपली होती. लाज वाटते हो सांगायला.

दुसऱ्या दिवशी तळघरात पाणी तेवढंच! मग मावशींकडे जाऊन सांगून टाकलं, "मावशी, चूक माझी आहे."

"मालूम हाय मले. त्या शेषरावले एवढी अक्कल कुठून?"

"विहिरीत थोडा रंग टाकू का?"

"आता काय बाकी ठेवलं? टाक!"

पाण्याचा माग काढायचा तुमचा रंगांचा डबा काढला. आपली टाकी गळते का बघायला तुम्ही तिच्यात गुलाबी रंग टाकलात आणि आईला सांगायचं विसरलात, आठवतं? सगळे पांढरे सदरे गुलाबी! तेच घालून तुम्ही ताठ मानेनं धरणावर गेलात.

मी विहिरीत हिरवा टाकला आणि दुकानाच्या जिन्याखालच्या टाकीत गुलाबी. दुपारपर्यंत तळघराचा कोपरा गुलाबी झाला. शेषरावांचीच टाकी, बाबा!

टाकी उपसून भेग भरायला बसले, तर रबडा तीनदा वाहून गेला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही चादरीवर बोटानं भेगा काढून रबडा कधी घट्ट करायचा ते सांगत होतात. मी म्हटलं, "बाबा, पडा ना जरा." काहून गप्प केलं मी तुम्हाला? चौथ्यांदा अंदाजानं घट्ट केला, तेव्हा कुठे बसला.

काल मावशी स्वतः तळघरात उतरल्या. कोरड्या फरशीवर हात फिरवला. म्हणाल्या, "शेषराव, आता तरी चा पाजशीन का नाही?" शेषराव स्वतः चहा आणायला धावले!

आता विहीर राहिली. उद्यापासून ती उपसते, तळाचं सिमेंट छिन्नीनं काढते. आणि बाबा, वचन देते, तिचं पहिलं पाणी मावशींच्या आधी मी पिऊन दाखवीन.

तुमची लेक,
सुनंदा