नळ आला की उठायचं

आई, आज सकाळी पाण्याचा ग्लास भरायला गेले आणि नळ खोकला. बाहेर पाइपलाइनचं काहीतरी काम चाललं असणार. आता इथे चोवीस तास पाणी असतं, त्यामुळे नळाला खोकला येतो हे मी विसरूनच गेले होते. आधी दोन-तीन ठसके, मग चार शिंतोडे, मग गढूळ धार. ग्लास हातात धरून मी उभी होते आणि माझे पाय आपोआप स्वयंपाकघराबाहेर निघाले होते. कुठे, ते पायांनाही माहीत नव्हतं. मला एकटीलाच हसू आलं. नळ आला की उठायचं, एवढं तू त्यांना पक्कं शिकवून ठेवलं आहेस.

नेरूळच्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत आपण राहायला आलो, तेव्हा मी अकरावीत होते. साताऱ्याकडे तुला काळजी असायची; नव्या मुंबईत आल्यावर तुला टेन्शन यायला लागलं. शब्द तू काकूंकडून उचललास. शेजारच्या काकू मूळच्या कोकणातल्या, गिरगावातून आलेल्या, नवरा सरकारी नोकरीत. त्यांना रोज नवं टेन्शन असायचं आणि ते त्या नव्या साडीसारखं उलगडून दाखवायच्या. तुझी टेन्शनं साधी होती. अण्णांचा खांदा, कारण वाशीच्या बाजारात दिवसभर गोण्या उचलायच्या म्हणजे खांद्यावरच सगळं घर. माझं कॉलेज. आणि बाजारातल्या आपल्याकडच्या माणसांचे बारा डबे. एक दिवस अण्णांच्या खांद्याचा विचार करता करता तू वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ घातलंस. अकरा डबे परत आले. बारावा अण्णांचा. त्यांनी तो निमूट संपवला आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत बसले.

त्या संध्याकाळी तू जाहीर केलंस, ‘‘हातात काम आसताना आता टेन्शन घ्यायचं न्हाय. आलं तर त्याला दारातनंच सांगायचं, आत्ता न्हाय, चारला ये.’’

चारच का, तर डबे धुऊन झालेले असायचे, आणि साडेचारच्या आगेमागे नळ यायचा. तेवढाच काय तो मोकळा वेळ. मागच्या दारी दोन पाट, रिकामं होत आलेलं निळं पिंप, त्याच्या बाजूला पाण्याचा मीटर आणि मीटरशेजारी घराचं पाणी बंद करायची पितळी चावी, जिला गळती झाली तरच हात लावायचा. तिथे बसून तू टेन्शन घ्यायचीस. अगदी मन लावून घ्यायचीस, चहाबरोबर. आठवड्याभरात काकू येऊन बसू लागल्या आणि मग नियम तयार झाले. ज्याचं त्याने बोलायचं. विचारल्याशिवाय उपाय सांगायचा नाही. आणि नळ खोकला की उठायचं, अर्धं वाक्य तोंडात असलं तरी. काकूंच्या मिस्टरांच्या बदलीची गोष्ट अशी तीनदा अर्धी राहिली. चौथ्या दिवशी तू विचारलंस, ‘‘मग फुडं काय झालं?’’ तर काकू म्हणाल्या, ‘‘अहो, काय सांगत होते तेच आठवत नाही आता.’’ आणि तुम्ही दोघी इतक्या हसलात की माझा अभ्यास बुडाला.

करावे गावची मासेवाली दारावरून जायची. तिलाही तू बोलावलंस, ये बस, टेन्शन सांग. ती टोपली न उतरवताच म्हणाली, ‘‘माजा टेन्शन या टोपलीन हाय, बाय. बसून ऱ्हायली तर वास मारल.’’ अण्णा या सगळ्याला ‘बायकांची मीटिंग’ म्हणायचे. एका सुट्टीच्या दिवशी मात्र पायरीवर येऊन टेकले, ‘‘माझं काय न्हाय बाबा,’’ असं म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं एकटेच खांद्याबद्दल बोलले. नळ खोकल्यावर तू उठलीस तर म्हणतात कसे, ‘‘आगं, थांब की दोन मिनिटं!’’ तू बादली त्यांच्याच हातात दिलीस. सगळी टेन्शनं त्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. खांदा दुखायचा तो दुखायचाच. पण भाजी पुन्हा कधी खारट झाली नाही. आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तुझा नंबर तू शेवटचा ठेवायचीस, आणि बहुतेक वेळा त्याआधीच नळ यायचा.

आता तो शनिवार, इतक्या वर्षांपूर्वीचा. वाशीच्या एका छोट्या साप्ताहिकात लागून मला जेमतेम पाच आठवडे झाले आहेत. कॉलेज संपल्यावर मला हवी होती तीच नोकरी. तू ओळीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं आहेस, ‘‘आमची पोरगी पेपरात लिवती.’’ ती लिहिते ते काय, तर कुठे रक्तदान शिबिर आहे, कुठल्या शाळेचं गॅदरिंग आहे, आणि कोणत्या सेक्टरला कोणत्या दिवशी पाणी येणार नाही. मे महिना आहे. पाणी खात्यातून फोनवर मला सांगितलं गेलं, बुधवारी दुरुस्ती, पाणी बंद. मी लिहिलं गुरुवारी. का, ते आजही सांगता येणार नाही. फोन खाली ठेवता ठेवता दुसरा वाजला होता, एवढं आठवतं. मंगळवारी कुणी पाणी भरून ठेवलं नाही, कारण छापून आलं होतं ना, गुरुवारी. बुधवारी साडेचारला सगळा सेक्टर कोरड्या नळांकडे बघत उभा. आपलंही पिंप तळाला गेलेलं. डब्यांसाठी अण्णांनी तीन सेक्टर पलीकडून दोन कॅन खांद्यावर आणले, त्याच खांद्यावर. काकू तर माझ्यासमोरच म्हणाल्या, ‘‘तुमच्या पेपरात कोण तो अर्धवट बसलाय गं? त्याला आमच्याकडे धुणी धुवायला पाठव.’’

गुरुवारी मी तुला सांगितलं, अंगात कणकण आहे. शुक्रवारी सांगितलं, डोकं दुखतंय. झोप येत नव्हती, कुणी दाराची कडी वाजवली की वाटायचं ऑफिसातून माणूस आला. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते. मला भीती होती ती ओळीतल्या घरांची, जिथे तू मला ‘पेपरात लिवती’ करून ठेवलं होतंस. शनिवारी संध्याकाळी सहाला अंक छपाईला जायचा. त्या दिवशीही गेले नसते तर पुढच्या आठवड्यात जायला मला तोंड उरलं नसतं, आणि हे मला चांगलं कळत होतं. सकाळी तू भाकऱ्या थापता थापता म्हणालीस, ‘‘ताप न्हाय तुला. कपाळ गार हाय. आज चारला तुझा नंबर. नळ आला की उठायचं आन् हापिसात जायचं.’’ दुपारी बघते तर माझा पंजाबी ड्रेस इस्त्री करून खुंटीला टांगलेला, आणि पर्स दाराशी.

चार वाजता आपण मागच्या दारी बसलो. काकूही आल्या. मी सगळं सांगितलं, फोनपासून गुरुवारपर्यंत. कुणी मध्ये बोललं नाही, नियमच होता. मी थांबल्यावर काकूंनी बशी खाली ठेवली.

‘‘अगं बाई, म्हणजे तीन दिवस मी तुलाच शिव्या घालत होते?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तू ऐकून घेतल्यास?’’

‘‘बरोबरच होत्या, काकू.’’

‘‘छे, जरा जास्तच होत्या. धुणी नको धुऊस. पण उशीचे अभ्रे तरी धुशील ना?’’

तू हसलीस. मलाही हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता रडू आलं. मग काकू दूध तापत ठेवलंय म्हणून घरी गेल्या आणि आपण दोघीच उरलो. साडेचार झाले. नळ गप्प होता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सर काय म्हणतील, लोक काय म्हणतील, तुझं नाव गेलं. चार पस्तीस. पावणेपाच. सांगता सांगता मी तिसऱ्यांदा त्या फोनपाशी आले होते. तू आत डोकावून घड्याळ पाहिलंस. मग उठलीस, पिंपात वाकून तळाचं पाणी तांब्यात घेतलंस, रिकामी बादली पायाने पुढे ओढलीस आणि हात डोक्याएवढा उंच करून बादलीत धार धरलीस. बादली खणखणली.

‘‘आला नळ,’’ तू म्हणालीस. ‘‘ऊठ.’’

मी उठले. रोजची सवय, पायांनी मला विचारलंच नाही. पाच मिनिटांत मी बसस्टॉपवर होते आणि साडेपाचच्या सुमारास ऑफिसात. सर पानावर वाकलेले होते. मी म्हटलं, ‘‘सर, बुधवारची चूक माझी.’’ ते वर न बघता म्हणाले, ‘‘ठाऊक आहे. पाण्याची बातमी दुसरं कोण लिहितं इथे? चार दिवस फोन घेऊन माझा कान सुजलाय.’’ मग मान वर करून म्हणाले, ‘‘दुरुस्ती तूच लिही. चार ओळी. सहाला पान जाणार.’’ मी पहिल्या फटक्यात बारा ओळी लिहिल्या, त्यातल्या आठ माझ्या पश्चात्तापाच्या. त्यांनी त्या आठांवर काट मारली. ‘‘वाचकाला तुझी झोप नकोय. त्याला वार हवाय.’’ पाच पंचावन्नला चार ओळी गेल्या. त्यानंतर मी बरंच लिहिलं, पण इतकं सरळ फार थोडं.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात मनाच्या आरोग्यावर बोलायला एक डॉक्टर बाई आल्या होत्या. म्हणाल्या, दिवसातला ठरावीक वेळ काळजीसाठी राखून ठेवा, एरवी तिला थोपवा. सगळी तरुण मंडळी लिहून घेत होती आणि मी मागच्या खुर्चीत तुझ्यासाठी छाती फुगवून बसले होते. एका मुलीने विचारलं, ‘‘पण मॅडम, मग उठायचं कधी?’’ बाई म्हणाल्या, गजर लावा. ती म्हणाली, ‘‘गजर बंद करता येतो हो!’’ सगळे हसले. मी हसले नाही. नळही बंद करता येतो, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

त्या शनिवारी पावणेचारला तू चहा टाकत होतीस तेव्हा मी मागे गेले आणि मीटरशेजारची पितळी चावी फिरवून घट्ट बंद केली. नळ आला नाही तर उठावं लागणार नाही, एवढाच माझा हिशेब. दहा-वीस मिनिटांनी उघडू, असंही ठरवलं होतं. पण तू बादलीत धार धरलीस आणि मी उठून निघाले ती तशीच. आठवण झाली ती बस सुटल्यावर. बुधवारी माझ्यामुळे पाण्यावाचून राहिलेल्या घराचं पाणी मी पुन्हा तोडून आले होते! सहानंतर परत येताना, सरांना सांगताना वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या पिंपाची वाटत होती. घरात आले तर पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण, झाकणावर पालथा तांब्या. तू भाकरी थापत होतीस. मी विचारलंही नाही, तरी तू म्हणालीस, ‘‘आज पानी जरा उशिरा आलं.’’

भिंतीपलीकडे काकूंच्या पिंपात साडेचारपासून पाणी पडत होतं. मला ऐकू येत होतं. ओट्याकडे पाठ असली तरी तव्यावरची भाकरी फुगलेली तुला कळायची, तेव्हा तुला ते ऐकू आलं नसेल असं मी कसं मानू? पुढे इतकी वर्षं आपण रोज चारला त्या पाटांवर बसलो, मी जगातलं सगळं तुला सांगितलं, एवढं एक सोडून. दर वेळी वाटायचं, उद्या सांगू; आणि नळ यायचा.

हे लिहिताना पावणेचार होऊन गेले. चारला माझा मजकूर जायचा आहे आणि त्याच्या चारच ओळी झाल्यात, त्यामुळे आता उठायला हवं. कागद पोळ्यांच्या डब्याखाली सरकवून ठेवते, तू किल्ल्या ठेवायचीस तसा. पाणी उशिरा आलं नव्हतं, आई. चावी मी बंद केली होती.